आमची वाटचाल: ब्युटाइल ब्रोमाइड ते ग्रिन्यार्ड

आमच्या छोट्या युनिटमध्ये सेंद्रिय हॅलाइडं, म्हणजे कार्बनला क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन जोडलेली संयुगं, बनवण्याची सुरुवात एन-ब्युटाइल ब्रोमाइडने झाली. ७४ ग्रॅम एन-ब्युटेनॉल, १५५ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड, १५५ मिली पाणी आणि २३५ ग्रॅम तीव्र सल्फ्युरिक आम्ल: प्रमाण आजही तेच. आम्ल सर्वांत शेवटी, भांडं थंड ठेवून, थोडं थोडं. घाई केली की हायड्रोब्रोमिक आम्लाचं ऑक्सिडीकरण होऊन ब्रोमीन सुटतं आणि माल तपकिरी होतो. तो रंग सोडियम बायसल्फाइटने जातो. उरलेलं अल्कोहोल आणि सोबत तयार झालेला डायब्युटाइल ईथर पाण्याने नीट निघत नाहीत. त्यांना थंड, तीव्र सल्फ्युरिक आम्लानेच धुवावं लागतं. नवखा माणूस चुकतो तो इथेच. आम्लाची घनता १.८४, ब्रोमाइडची १.२७, म्हणजे आम्लाने धुताना माल वर, पाण्याने धुताना खाली. म्हणून ऊर्ध्वपातन संपेपर्यंत कुठलाच थर फेकायचा नाही. मग सोडियम बायकार्बोनेटने आणि पाण्याने धुणं, निर्जल कॅल्शियम क्लोराइडने सुकवणं, आणि १०० ते १०३ अंशांना येणारा भाग वेगळा.

पुढे टर्शरी-ब्युटाइल क्लोराइड घेतलं. ७४ ग्रॅम टर्शरी-ब्युटेनॉल २५० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर वीस मिनिटं हलवलं की झालं. तापवणं नाहीच, कारण तृतीयक कार्बोकॅटायन (तीन कार्बन जोडलेला, धन प्रभाराचा कार्बन) सहज बनतो. पण जे सहज बनतं ते मोडतंही सहज. धुवायला कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घेतलं तर मालाचा आयसोब्युटिलीन वायू होतो. ५ टक्के बायकार्बोनेट, तेही झटपट, आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब वारंवार सोडत.

ब्युटाइल आयोडाइडसाठी एन-ब्युटाइल ब्रोमाइड आणि सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये. सोडियम ब्रोमाइड ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, खाली बसतं, म्हणून अभिक्रिया पुढे सरकते. ॲसिटोन ओला असेल तर ते विरघळून राहतं आणि रूपांतर अर्धवट अडतं. तयार माल गडद बाटलीत, तांब्याची तार टाकून. सुटलेलं आयोडीन तार धरून ठेवते.

क्लोरोबेंझीनच्या वाटेला आम्ही गेलो नाही. त्यात क्लोरीनची इलेक्ट्रॉन-जोडी बेंझीनच्या वलयात ओढली जाते, कार्बन-क्लोरीन बंध आखूड आणि घट्ट होतो. कॉस्टिकने तो तोडायला ३०० अंशांच्या पुढचं तापमान आणि प्रचंड दाब लागतो. छोट्या युनिटचं ते काम नव्हे.

ब्रोमोबेंझीनपासूनचं ग्रिन्यार्ड (हॅलाइड आणि मॅग्नेशियमपासून बनणारं, अतिशय क्रियाशील संयुग) मात्र जमलं. मॅग्नेशियम, कोरडा ईथर, आयोडीनचा एक खडा. ब्रोमोबेंझीन आधी फक्त ५ ते १० टक्के; द्रव गढूळ होऊन आपोआप उकळू लागेपर्यंत पुढचा थेंब नाही. सुरू होत नाही म्हणून आणखी ओतलं, तर साठलेल्या सगळ्याची अभिक्रिया एकदम भडकते आणि कंडेन्सरला ईथर आवरत नाही.