वालाचा मांडव एकाच बाजूने का फुलला

गेल्या खेपेला कळवल्याप्रमाणे, मुलुंडच्या गच्चीवरील वालपापडीचा मांडव ऑक्टोबर संपत आला तरी नुसत्या पाल्याने भरलेला होता, आणि नत्र जास्त झाले असे म्हणून मी सगळा दोष शेणखतावर टाकला होता. तो निष्कर्ष चुकीचा निघाला. टाकीच्या आडोशाकडील टोकाला जांभळे तुरे लागले, पण जिन्याच्या दाराकडे एकही कळी नव्हती. वास्तविक बी एकाच पाकिटातले, माती एकाच ढिगातली आणि ऊनही जवळपास सारखेच.

त्यानंतरचे दोन आठवडे वाया गेले. मी स्फुरद (फॉस्फरस) दिले, शेंडे खुडले, एका पिंपातल्या वेलाचे पाणीही तोडले. मुळे उकरून पाहिली, तर मोहरीपेक्षा जरा मोठ्या गाठी नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे हवेतले नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे काम उत्तम चालले होते. याचे श्रेय दादरच्या दुकानातून आणलेल्या, मुदत उलटलेल्या रायझोबियमच्या (याच जिवाणूंच्या) पाकिटाला मी देणार नाही (तारीख वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नये, हे आता पाठ झाले आहे); त्याच मातीत उन्हाळ्यात चवळी होती, आणि वाल व चवळीला एकाच गटातले जिवाणू चालतात.

उत्तर सापडले ते रात्री साडेदहा वाजता. टाकीचा कॉक बंद करायला वर गेलो, तेव्हा मांडवाच्या पानांवर माझी स्वतःची सावली ठसठशीत पडलेली दिसली. जिन्याच्या दारावरचा हॅलोजन पहाटेपर्यंत जळतो. आपले जुने वेलवाल लहान दिवसांचे पीक आहे. मुंबईत जूनअखेर सव्वातेरा तासांचा असलेला दिवस ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेबारा तासांच्या आत येतो आणि रात्र पुरेशी लांबली की कळ्या धरतात. दिव्याखालच्या पानांसाठी ती रात्र झालीच नव्हती.

जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाची पिशवी शिवून मी एका फांदीवर रोज संध्याकाळी सातला चढवली आणि सकाळी साडेसहाला काढली. शंका राहू नये म्हणून शेजारच्या फांदीवर त्याच वेळांत मलमलीची पिशवी घातली. एकोणिसाव्या दिवशी काळ्या पिशवीत बोटभर तुरा दिसला, मलमलीत पानेच होती. एका फांदीवरून सिद्धान्त मांडू नये हे मान्य, पण त्या सकाळचा चहा गच्चीवरच झाला.

अमेरिकेच्या दक्षिण भागात हरणांसाठी चराऊ वाफे करणारे हौशी लोक चवळीबरोबर हाच वाल ‘लॅबलॅब’ म्हणून पेरतात, आणि उशिरा फुलणारा राँगाईसारखा वाण त्यांच्या पथ्यावर पडतो, कारण त्यांना पालाच हवा असतो. माझ्याकडचा दिव्याखालचा अर्धा मांडव त्यांनी आनंदाने घेतला असता. इथे चरायला फक्त कबुतरे आहेत, आणि ती चवळीच्या कोंबांच्या दोन दलांवरच थांबतात.

पुढच्या पावसाळ्यात दाराकडची बाजू चवळीला देण्याचे ठरवले होते. परंतु हे लिहिताना वाटते आहे की तिथे दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारा, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का जय’ हा बुटका वाल लावावा, म्हणजे दिव्याचा दोष पुन्हा एकदा तपासता येईल. हॅलोजनला टायमर बसवण्याबद्दल सेक्रेटरींना विचारले आहे. तोवर काळ्या पिशव्या आणखी चार शिवतो आहे. टाकीकडच्या बाजूची पहिली तोडणी आज झाली, दोनशे तीस ग्रॅम.