पुणे ते वेंगुर्ले: सेडान आणि एसयूव्हीच्या मागच्या सीटवरून

मे महिन्यात आम्ही दोन गाड्यांनी वेंगुर्ल्याला गेलो. माझी होंडा सिटी ही सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी, आणि मेहुण्यांची ह्युंदाई क्रेटा ही उंच बांध्याची एसयूव्ही. मार्ग नेहमीचा, म्हणजे सातारा, कोल्हापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी. मेहुण्यांना गाडी बदलायची असल्याने आणि आई-बाबांच्या सोयीचा प्रश्न असल्याने आम्ही ठरवून कोल्हापुरात प्रवाशांची अदलाबदल केली आणि परतताना क्रम उलटा ठेवला, त्यामुळे महामार्ग आणि घाट या दोन्हींचा अनुभव प्रत्येकाला दोन्ही गाड्यांत घेता आला.

एसयूव्ही म्हणजे आत अधिक जागा, हे गृहीतक आकड्यांना टिकत नाही. सिटीची लांबी साडेचार मीटरच्या वर आहे, क्रेटाची सुमारे ४.३ मीटर. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर जवळजवळ सारखे, म्हणजे अनुक्रमे २६०० आणि २६१० मिलिमीटर आहे. म्हणूनच मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळणाऱ्या जागेत सिटी मुळीच कमी पडत नाही. उंच असलेल्या बाबांना कोल्हापूरपर्यंत तिथे पाय मोकळे सोडून बसता आले. क्रेटाची खरी श्रीमंती उंचीत आहे. डोक्यावर जागा राहते, सीट जमिनीपासून वर असल्याने मांड्यांना आधार मिळतो, पाठ दोन टप्प्यांत मागे कलती करता येते आणि खिडकीबाहेरचे अधिक दिसते.

मात्र माझ्या मते निर्णय जागेवर होत नाही, तो चढण्या-उतरण्यावर होतो. आईचे गुडघे दुखतात. सेडानमध्ये बसताना तिला आधी खाली वाकून स्वतःला सीटवर सोडावे लागते आणि उतरताना सगळा भार गुडघ्यांवर घेऊन वर उठावे लागते. क्रेटाची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येत असल्याने ती आडवी सरकून आत जाते. दर दीड-दोन तासांनी थांबणाऱ्या कुटुंबात ही क्रिया दिवसभरात किती वेळा घडते, याचा विचार गाडी निवडताना क्वचितच होतो. उंची कमी असलेल्या व्यक्तीला मात्र मोठ्या एसयूव्हीत पाऊल उचलून चढावे लागते, तेव्हा तिथे हा फायदा उरत नाही.

आंबोलीच्या वळणांवर चित्र पालटले. भाच्याला गाडी लागते. उंच गाडी वळणावर अधिक कलते आणि वर बसलेल्या माणसाला तो झोका जास्त जाणवतो. सेडान जमिनीलगत असल्याने त्याच वळणावर स्थिर वाटते. परतीच्या चढणीला तो सेडानमध्ये होता आणि त्याला मळमळले नाही. एका मुलाच्या अनुभवावरून नियम काढता येणार नाही, पण घाटात गाडी लागणारे कोणी सोबत असल्यास वेग कमी ठेवावा, मोबाइल हातातून काढून घ्यावा आणि समोरचा रस्ता दिसेल अशा जागी त्याला बसवावे. गाडी कोणतीही असो, याचा उपयोग होतो.

सामानाच्या बाबतीत सिटीची डिकी ५०६ लिटरची आणि क्रेटाची ४३३ लिटरची. एसयूव्हीचा हा आकडा साधारणपणे मागच्या सीटमागे सामानावर आडवे बसणाऱ्या झाकणापर्यंतच्या जागेचा असतो. त्याच्या वर छतापर्यंत सामान रचले की मागच्या काचेतून दिसणे बंद होते आणि जोरात ब्रेक लागल्यास वरची बॅग प्रवाशांच्या डोक्यावर येऊ शकते. याउलट सेडानच्या डिकीचे तोंड अरुंद असते, त्यामुळे आंब्यांच्या लाकडी पेट्या एकमेकींवर चढत नाहीत, त्या क्रेटात सहज बसल्या. सुकी मासळी मात्र नि:संकोच सेडानमध्ये द्यावी, कारण तिथे डिकी वेगळी असल्याने वास प्रवाशांपर्यंत फारसा पोहोचत नाही.

वेंगुर्ल्याच्या आसपास वाडीत जाणारे रस्ते अरुंद, चढ-उताराचे आणि कडेला जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असलेले आहेत. पाच माणसे आणि सामान भरलेली सेडान मागून खाली बसते, म्हणून उंच गतिरोधकावर ती तिरकी आणि सावकाश घ्यावी. अशा ठिकाणी वारंवार जाणाऱ्याने एसयूव्हीच घ्यावी, असे मी निःशंकपणे सांगेन. वर्षातून एकदा कोकण आणि उरलेला काळ महामार्ग असा वापर असेल, तर सेडान सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

गाडी पाहायला जाताना घरातील ज्येष्ठांना सोबत न्यावे, त्यांना मागच्या दारातून तीन-चार वेळा चढायला-उतरायला लावावे आणि चाचणी फेरीत स्वतः मागे बसावे. मधल्या जागेवर प्रौढ माणसाला बसवून पाहावे. दोन्ही प्रकारांत ती जागा लांब पल्ल्यासाठी मुलालाच बरी. निघण्यापूर्वी टायरमधील हवा पूर्ण भाराच्या प्रमाणात भरून घ्यावी, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. या दोन्ही गाड्यांत जादा चाक डिकीच्या तळाखाली असते, तेव्हा पंक्चर झाल्यास चटकन बाहेर काढता येईल अशाच रीतीने सामान भरावे आणि पेट्या झाकायला नेलेली ताडपत्री सगळ्यात वर ठेवावी, म्हणजे उतरवलेले सामान रस्त्याकडेला तिच्यावर मांडता येते.