३१८ म्हणजे १.८ लिटर नव्हे: सुटे भाग मागवतानाचा माझा अनुभव

बीएमडब्ल्यूच्या ई ४६ पिढीतल्या ३१८ आयसाठी प्लग आणि इग्निशनचे भाग ऑनलाइन मागवायचे होते. पत्ता, पैसे, पोहोचण्याची तारीख, कशातच अडचण आली नाही. अडलं ते ‘इंजिन क्षमता’ या एका रकान्यात. मॉडेल ३१८ निवडलं की फॉर्म स्वतःच १.८ लिटर भरायचा आणि तो आकडा बदलूच द्यायचा नाही. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की ३१८ मधला १८ म्हणजे १.८च. हे वाक्य मला अजून खटकतं. सुटे भाग विकणाऱ्याने तरी डिकीवरच्या आकड्याला सीसी समजू नये.

खरी स्थिती अशी. १९९८ पासूनच्या ई ४६ ३१८ आयमध्ये एम ४३ मालिकेचं १८९५ सीसीचं इंजिन होतं. २००१ च्या फेरबदलानंतर एन ४२ आलं, १९९५ सीसीचं. म्हणजे आधी १.९, मग २.०. त्याआधीच्या ई ३६ ३१८ आयचं इंजिन मात्र खरोखर १७९६ सीसीचं होतं. फॉर्ममधला आकडा बहुधा तिथूनच उचलला असावा.

गुंता इथे संपत नाही. फेरबदलापूर्वीच्या ३१६ आयमध्येही तेच १८९५ सीसीचं इंजिन होतं, फक्त ताकद कमी: ३१८ ला ८७ किलोवॅट, तर ३१६ ला ७७. फेरबदलानंतर ३१६ आयला १७९६ सीसीचं एन ४२ मिळालं. त्यामुळे त्या काळातली ‘१.८’ शोधायला गेलात तर हाती ३१६ चे भाग लागतात. दोन्ही एन ४२ इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिलिमीटरच आहे, पण स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) एकाचा ८१ आणि दुसऱ्याचा ९०. साहजिकच पिस्टनला जोडलेला, फिरणारा क्रँकशाफ्ट एकाचा दुसऱ्याला चालत नाही. पडताळायचं असेल तर बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडर, मापं सेंटिमीटरमध्ये: ८.४ × ८.४ × ०.७८५४ × ९ × ४ = १९९५.

एम ४३ आणि एन ४२ मधला फरक तर याहून मोठा आहे. एम ४३ मध्ये आठ व्हॉल्व्ह, ते उघडणारा एकच कॅमशाफ्ट, आणि ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल पॅकपासून प्रत्येक प्लगपर्यंत जाणाऱ्या जाड वायरी. एन ४२ मध्ये सोळा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल. या इंजिनाला प्लगच्या वायरी नसतातच! वायरींचा संच आला तर तो लावायला जागाच नाही. ब्लॉक आणि हेडच्या मधलं हेड गॅस्केटही एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

सुटका झाली ती चॅसी नंबरमुळे. सतरा अक्षरांपैकी शेवटची सात दिली की बीएमडब्ल्यूच्या पार्ट कॅटलॉगमध्ये नेमकी गाडी उघडते आणि इंजिनचा कोडही दिसतो. तो कोड आणि त्या भागाचा मूळ क्रमांक ऑर्डरमध्ये लिहून पाठवला, तेव्हा कुठे विक्रेत्याने १.८ चा हट्ट सोडला. आता मी फॉर्ममधला मॉडेलचा रकाना भरण्याआधी भागाचा क्रमांकच शोधतो. तुम्हीही तेच करा.

हे बीएमडब्ल्यूपुरतं नाही. मर्सिडीज १९० ई २.० लिटरची होती. ‘२००’ हे नाव कंपनीच्या मोठ्या सेडानला आधीच दिलेलं असल्यामुळे धाकटीला १९० मिळालं. मर्सिडीजचीच सी ६३ एएमजी सुरुवातीला ६२०८ सीसीची होती. ६३ हा आकडा १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ ची आठवण म्हणून ठेवला आणि पुढे इंजिन ४ लिटरचं झालं, मग २ लिटरचंही, तरी नाव तेच राहिलं. टर्बोमुळे उरलासुरला मेळही गेला: बीएमडब्ल्यूच्या नंतरच्या एफ ३० पिढीत ३२० आय आणि ३२८ आय या दोन्ही १९९७ सीसीच्याच निघाल्या, फरक फक्त ताकदीत. आकडा हा त्या मालिकेतला गाडीचा दर्जा झाला आहे. ऑडीने २०१७ मध्ये आणलेले ३५, ४०, ४५ हे आकडे तर उघडपणे किलोवॅटच्या टप्प्यांवरून ठरवलेले होते. त्या गाडीवर सीसी शोधायला जाऊच नका.

नोंदणीपत्र जवळ असेल तर तिथे घनक्षमता लिहिलेली असते. युरोपातल्या नोंदणीपत्रावर ती पी.१ या रकान्यात सापडते. लिटर न लिहिता पूर्ण सीसी कळवा: १८९५ लिहिलं की कोणी त्याचं १.८ करू शकत नाही. डिकीवरचा बॅज पुरावा म्हणून वापरू नका, तो कोणीही बदलतो किंवा काढून टाकतो. आणि गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर आधी बोनेट उघडा. इंजिन मध्येच बदललेलं असलं तर चॅसी नंबरही कारखान्यात बसवलेल्या मूळ इंजिनाकडेच नेईल. अशा वेळी इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या कोडवरची घाण पुसून, उजेडात त्याचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवायचा.