मागे काय आहे?

“नाण्यापेक्षा डबाच महाग पडलाय हं!” शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, माझ्यापुढे धरत काका म्हणाले. नौपाड्यातलं त्यांचं घर, निळ्या मखमलीची पेटी, आतून छोटासा दिवासुद्धा. खोटं कशाला बोलू, दिसत होतं झकास.

तेवढ्यात त्यांची नात म्हणाली, “आबा, मागे काय आहे?”

“श्री राजा शिव.” पेटीत वर दिसणाऱ्या बाजूला ‘छत्र पति’ होतं, त्यातला ‘ति’ नाण्याबाहेर गेलेला. जुन्या शिवराया अशाच, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान.

“दाखवा ना!”

दाखवणार कसं? दुकानदाराने नाणं चक्क डिंकाने चिकटवलंय. शिवाय आधी घासून लख्ख केलंय. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग गेला की गेलाच, संग्राहक मग त्या नाण्याकडे बघतही नाहीत. काकांना हे सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.

घरी येताना जोगळटेंभी आठवलं. १९०६ मध्ये नाशिकजवळ तिथे चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, एकाच नाण्यावर हरलेला आणि जिंकलेला राजा. असलं नाणं उलटंपालटं करून, तिरक्या उजेडात धरूनच वाचावं लागतं. ते डिंकाने चिकटवलं तर?

मी निघताना काकांची नात मात्र पेटी उलटी करून खालचा पुठ्ठा नखाने खरवडत होती. मला तर तीच खरी संग्राहक वाटली.

ठाण्यात दोन्ही बाजूंनी नाणं दिसेल अशी, बिनडिंकाची पेटी कुणी बनवून देतं का हो?