गुणगुणतीय, पण फिरत नाही

पहिली मोटर मी थेट आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम चढवून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डाच्या, ९ नंबरच्या पिनला जोडली. त्या पिनवर एलईडी दोन दिवस नीट लुकलुकत होता, म्हणून त्याच्या जागी खेळण्यात असते तसली पिवळ्या गिअरची बीओ मोटर लावली आणि तोच प्रोग्राम चालवला. मोटर हललीसुद्धा नाही. मी प्रोग्राम चार वेळा वाचला, मग केबल बदलली, मग लॅपटॉप बंद करून चालू केला.

अण्णा समोर बसून एका पंपाच्या स्टेटरमधलं जळालेलं वाइंडिंग काढत होते. तासगावात आमचं मोटर भरायचं दुकान आहे. बत्तीस वर्षं ते हेच काम करतायत. मी बी. कॉम. झाले, दिवसा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते आणि संध्याकाळी दुकानाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात आर्डुइनो उनो घेऊन बसते. इटलीतल्या इव्रेया गावात आर्डुइनो जन्मला तो डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या मुलांसाठी. हे वाचलं तेव्हाच मला धीर आला होता.

अण्णांनी विचारलं, "त्या पिनातनं किती करंट येतो?"

मी शोधून सांगितलं, ४० मिलिअँपिअर, आणि तेही अगदी शेवटची मर्यादा. त्याच्या निम्म्यातच राहावं. आणि ही छोटी मोटर सुरू होताना काहीशे मिलिअँपिअर मागते.

"मग बरोबर हाय की. स्टार्टरचं बटण मोटर चालवत नाही. बटण कॉन्टॅक्टरला सांगतं, कॉन्टॅक्टर मोटर चालवतो."

कॉन्टॅक्टर म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच. ट्रान्झिस्टर हा इलेक्ट्रॉनिक्समधला तसाच छोटा स्विच, हे मला त्या एका वाक्यात कळलं. त्याआधी मी त्यावरचे तीन व्हिडिओ बघितले होते. पिननं ट्रान्झिस्टरला फक्त सांगायचं, मोटरचा करंट वेगळ्या बॅटरीतनं यायचा. ट्रान्झिस्टरच्या इशारा घेणाऱ्या पायाला, म्हणजे बेसला, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि मोटरच्या दोन टोकांवर मोटर बंद होतानाचा झटका जिरवायला उलटा लावलेला १एन४००७ डायोड. डायोड कशाला, हे मला अण्णांना सांगावं लागलं नाही. चालू कॉइलची वायर सोडली की ठिणगी का उडते, हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा बोटांवर अनुभवलंय.

सगळं जोडलं. मोटर कधी फिरे, कधी नाही, माझा हात लागला की थरथरे. अण्णांनी चष्मा वर केला, बॅटरीची काळी वायर बोटानं धरून बोर्डापर्यंत नेली आणि म्हणाले, "करंटला जायला वाट दिलीस. परत यायची कुठाय?" बॅटरीचा मायनस आणि बोर्डाचा ग्राऊंड मी एकमेकांना जोडलेच नव्हते. ट्रान्झिस्टरला पिनचे ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे तेच ठाऊक नव्हतं. आजही नवीन काही जोडलं की मी आधी काळी वायर बोटानं शेवटपर्यंत नेते.

मग वेग कमी-जास्त करायचा नाद लागला. प्रोग्राममधल्या अॅनालॉगराइट या हुकुमात ० ते २५५ आकडा द्यायचा, की पिन सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होते आणि चालू राहायचा वाटा बदलतो. २५५ ला मोटर पळायची, १५० ला बरी चालायची. ६० ला मात्र नुसती गुणगुणायची.

अण्णांची पाठ होती माझ्याकडे. न वळता म्हणाले, "गुणगुणतीय, पण फिरत नाही. कंडेन्सर गेलाय काय?"

सिंगल फेज मोटरचा कंडेन्सर गेला की ती अशीच घुमत राहते, शाफ्टला हातानं झटका दिला की मग धरते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. माझ्या मोटरला कंडेन्सर नव्हताच. कारण वेगळं होतं: एवढ्या कमी वाट्यात मिळणारा जोर गिअरच्या सुरुवातीच्या घर्षणाला पुरत नव्हता, आणि कानाला ऐकू येत होती ती चालू-बंदची कंपनं. पण हाताच्या झटक्यावरनं मला सुचलं. आधी ६० मिलिसेकंद २५५ द्यायचे आणि लगेच ६० वर यायचं. मोटर उचलली आणि सावकाश फिरत राहिली. अण्णा उठून आले, तिच्या चाकावर बोट ठेवून बघितलं आणि म्हणाले, "परत कर."

त्यानंतर मी धाडस केलं ते घराच्या टाकीचं. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणात आवाजानं अंतर मोजणारा सेन्सर, एचसी-एसआर०४, उलटा बसवला. त्याला १० मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की तो ४० किलोहर्ट्‌झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते सांगतो. त्या मायक्रोसेकंदांना ५८ नं भागलं की सेंटिमीटर मिळतात. एप्रिलात आमच्याकडे पारा ४० वर गेला की आवाज जास्त वेगानं जातो, आणि १ मीटरचं अंतर सुमारे तीन सेंटिमीटरनं कमी भरतं. टाकीला त्यानं बिघडत नाही. बिघडलं ते दुसरंच.

मी एकच अट लिहिली होती: पाणी सेन्सरपासून २५ सेंटिमीटरच्या आत आलं की पंप बंद, नाहीतर चालू. बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचवर, म्हणजे रिलेवर, १० अँपिअर छापलेलं, आमचा १ हॉर्सपॉवरचा पंप ७ च्या आसपास घेतो. हिशेब मला बरोबर वाटला. पहिल्या संध्याकाळी टाकी भरत आली, वरनं पडणाऱ्या धारेनं पाण्यावर लाटा उठल्या, आणि सेन्सर २४, २६, २४, २६ सांगायला लागला. रिले टकटक टकटक. मग टकटक थांबली. मला वाटलं, झालं काम. लॅपटॉपवर 'पंप बंद' अशी ओळ दिसत होती. पाच मिनिटांनी शेजारच्या काकूंनी हाक मारली, गच्चीवरनं पाणी पडतंय म्हणून.

प्रोग्रामला एवढंच माहीत होतं की त्यानं पिन बंद केलीय. पुढं खरंच काय झालं हे बघायला मी त्याला डोळेच दिले नव्हते.

मेन स्विच पाडून अण्णांनी रिले काढला आणि ब्लेडनं त्याची निळी डबी उघडली. आतले दोन छोटे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसले होते. "७ अँपिअर चालताना," ते म्हणाले. "सुरू होताना पाच-सहा पट. आणि तू तिला मिनिटात वीसदा सुरू केलीस." तो रिले मी अजून टेबलावर ठेवलाय.

आता रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सांगतो, आणि कॉन्टॅक्टर पंप चालवतो. ते वाक्य मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. पंप सुरू व्हायची पातळी सेन्सरपासून ८० सेंटिमीटर खाली, बंद व्हायची २५. दर वेळी पाच मोजमापं घेऊन मधलं धरायचं. आणि एकदा बंद झाल्यावर २ मिनिटं सुरूच करायचा नाही.

या दोन मिनिटांनी माझे तीन दिवस खाल्ले. इंट प्रकारच्या चलात, म्हणजे प्रोग्राममधल्या पूर्णांक ठेवायच्या छोट्या रकान्यात, मी २ गुणिले ६० गुणिले १००० असं लिहिलं, आणि एकदा बंद झालेला पंप परत सुरूच होईना. शेवटी ते चल छापून बघितलं. १,२०,००० च्या जागी −११०७२! उनोवर इंटमध्ये ३२,७६७ पर्यंतच मावतं, त्यापुढं आकडा गुंडाळून उणे बाजूला जातो. आणि तो उणे आकडा मिलिसच्या, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांच्या, अनसाइन्ड लाँगशी (उणे आकडा नसलेल्या मोठ्या रकान्याशी) ताडला की सुमारे ४९ दिवसांएवढा मोठा धरला जातो. माझा पंप ४९ दिवस थांबायला तयार होता. हिशेबाच्या नोकरीत मी रकाना अपुरा पडलेला कधी बघितला नव्हता.

गेल्या महिन्यात अण्णांनी पहिल्यांदा स्वतःहून काम सांगितलं. भरलेली मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधी तिचे फेरे मोजून हवे होते. शाफ्टला छोटं लोहचुंबक चिकटवलं, शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, त्याची वायर २ नंबरच्या इंटरप्ट पिनला, म्हणजे सिग्नल बदलला की प्रोग्रामला लगेच हाक मारणाऱ्या पिनला. मोटर सुरू केली. डिस्प्लेवर आकडा स्थिरावला: २८७२.

अण्णा हात पुसत होते. डिस्प्लेकडे न बघता म्हणाले, "किती?" मी सांगितलं.

"नाही. ही चार पोलची हाय, मीच भरलीय. दीड हजाराच्या वर जाणारच नाही."

५० हर्ट्‌झवर चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्रच मिनिटाला १५०० फेरे घेतं, मोटर त्याच्या थोडी मागंच राहते. मी प्रोग्राम उघडला. इंटरप्टला 'फॉलिंग'च्या (फक्त सिग्नल खाली येताना) जागी 'चेंज' (प्रत्येक बदलाला) लिहिलं होतं, म्हणजे चुंबक आलं तेव्हा एक आणि गेलं तेव्हा एक, असा प्रत्येक फेरा मी दोनदा मोजत होते. एक शब्द बदलला, प्रोग्राम परत चढवला. १४३६.

अण्णांनी खडू घेतला आणि मोटरच्या बॉडीवर तो आकडा लिहिला. मग कोपऱ्यातली दुसरी मोटर ओढून टेबलाजवळ आणली.