एसबीएलच्या पेपरातले ते २० गुण

वेळ लावून पेपर सोडवायचं आपल्याकडच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही, लातूर पॅटर्नने ते अंगात मुरवलंय. एसीसीए या आंतरराष्ट्रीय अकाउंटन्सी परीक्षेतल्या एसबीएलला, म्हणजे स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर या पेपरला, हा सराव फार उपयोगी पडतो. पाठ केलेलं उत्तर मात्र इथे चालत नाही.

पेपर १०० गुणांचा, पास व्हायला ५०. त्यातले ८० गुण विषयाचे आणि २० प्रोफेशनल स्किल्सचे: कम्युनिकेशन, कमर्शियल अॅक्युमेन (धंद्याची जाण), अॅनालिसिस, स्केप्टिसिझम (दावा तपासल्याशिवाय न मानणं), इव्हॅल्युएशन. वेळ सव्वातीन तास, तिन्ही प्रश्न सोडवावेच लागतात. सप्टेंबर २०२३ पासून कंपनीची प्री-सीन माहिती दोन आठवडे आधी हातात येते. तिच्यावरून प्रश्न ताडून उत्तरं घोकू नका. पेपरात नवी एक्झिबिट्स, म्हणजे कंपनीचे ईमेल, अहवाल, आकडे असे कागद, असतात आणि उत्तर त्यांना धरून लागतं. प्री-सीन वाचायचं ते धंदा कळावा म्हणून: पैसा कुठून येतो, स्पर्धा कुणाशी, निर्णय कुणाच्या हातात.

कोणतं स्किल तपासणार, ते प्रश्नातच लिहिलेलं असतं. घाईत ती ओळ निसटते आणि गुणही जातात.

सगळ्यात जास्त मार बसतो तो स्केप्टिसिझममध्ये. मोंढ्यात सोयाबीनचा ओलावा कुणी तोंडी सांगण्यावर धरत नाही, मशीन लावून बघतात. एक्झिबिटमधल्या दाव्यालाही तसंच तपासायचं. समजा, एका डाळ मिलचा सेल्स मॅनेजर लिहितो, 'नव्या पॅकिंगमुळे वर्षात विक्री ४०% वाढेल.' यावर 'हा अंदाज जास्त वाटतो' एवढंच लिहिलं तर पदरात फारसं काही पडत नाही, कारण शंका आहे पण आधार नाही. आता हे बघा: 'गेल्या तीन वर्षांत विक्री ५ ते ७ टक्क्यांनीच वाढली. मिल आताच ९०% क्षमतेने चालते. ४०% वाढीसाठी १२६% क्षमता लागेल. शिवाय मॅनेजरचं कमिशन विक्रीवर आहे. संचालकांनी आधी ग्राहकांच्या लेखी ऑर्डर मागवाव्यात.' आकडा, अडचण, सांगणाऱ्याचा स्वार्थ आणि पुढे काय विचारायचं, चारही गोष्टी आल्या.

अॅनालिसिस आणि इव्हॅल्युएशन यांचीही गल्लत होते. मार्जिन का घसरलं हे खरेदीचा भाव, उतारा, वाहतूक असं सुटं करून दाखवलं की अॅनालिसिस. त्यातलं सगळ्यात गंभीर कोणतं आणि का, हे ठरवलं की इव्हॅल्युएशन. 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' करून थांबलात, तर निकालच दिला नाही. कमर्शियल अॅक्युमेनला एकच कसोटी पुरते: या कंपनीला हे परवडेल का, आणि तिच्या माणसांकडून होईल का?

कम्युनिकेशनचे गुण त्या मानाने सोपे. संचालक मंडळाला लिहिताना मॉडेलची व्याख्या नको, थेट मुद्दा हवा. स्लाइड मागितली तर चार-पाच छोटे मुद्दे. स्पष्टीकरण खाली नोट्समध्ये. पूर्ण परिच्छेद स्लाइडवर कोंबला की ती स्लाइड राहत नाही.

वेळेचा हिशोब घरूनच पक्का करून जा. १९५ मिनिटांतली ४५ वाचन आणि आखणीला, उरलेली १५० मिनिटं ८० गुणांवर वाटा. गुणामागे साधारण १.९ मिनिटं येतात. प्रोफेशनल स्किल्सच्या २० गुणांना वेगळा वेळ धरायचा नाही, ते त्याच उत्तरांतून मिळतात. म्हणजे १५ गुणांच्या भागाला २८ मिनिटं. ती संपली की हातातलं वाक्य पुरं करा आणि पुढच्या भागाला लागा.