तपासनिसाला विचारून

केटामाइन घेतलं असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, ती नशेची वस्तू ना? आणि दोन, मग काय काय दिसलं? उत्तरं मी देतेच. पण या सगळ्यात माझा वेळ मुख्यतः कशात गेला, हे कुणी विचारत नाही. तो गेला माझ्याच मनातल्या एका खडूस माणसाची परवानगी काढण्यात.

नैराश्य जुनं. दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही फरक पडला नाही की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. त्या खात्यात मी बरीच आधी जमा झाले होते. केटामाइन 1962 साली तयार झालं, अमेरिकेत 1970 पासून त्याला भुलेसाठी मान्यता आहे आणि जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत ते आजही वापरतात. भुलेपेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते नैराश्यावर चालतं, असं दाखवणारा पहिला छोटा अभ्यास 2000 सालचा. शिरेतून देताना साधारण दर किलो वजनामागे 0.5 मिलिग्रॅम, 40 मिनिटांत. काटेकोर बोलायचं तर ते एलएसडी किंवा काही अळंब्यांतल्या सायलोसायबिनसारख्या, भास घडवणाऱ्या पदार्थांच्या कुळातलं नाही. मेंदूतल्या ग्लुटामेटच्या यंत्रणेवर काम करून ते माणसाला स्वतःच्या शरीरापासून जरा सुटं करतं. पण मनाच्या आजारांवर तपासली जाणारी दुसरी औषधं, म्हणजे सायलोसायबिन आणि 'एक्स्टसी' म्हणून ओळखलं जाणारं एमडीएमए, बहुतेक देशांत अजून बेकायदा आहेत. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून परवानगी मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांना ती ठरावीक आजारांसाठी लिहून द्यायची मुभा दिली, तर अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने एमडीएमएचा अर्ज ऑगस्ट 2024 मध्ये नाकारला. चोरून काही घ्यायची माझी तयारी नव्हती. राहिलं केटामाइन.

पहिल्या वेळी नुसतं औषधच घेतलं, सोबत कसली थेरपी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना अंगाला जोर लावावा लागला नाही, एवढं मला पुरेसं होतं. पण दोनेक दिवसांत डोक्यातला तो आवाज परत आला, तोही फणफणत. 'बरं वाटतंय? कुणाला विचारून?' या आवाजाला मी तपासनीस म्हणते. पाठवलेला प्रत्येक मेल तो मला पुन्हा वाचायला लावतो, झालेलं प्रत्येक संभाषण रात्री उलटंपालटं करून त्यातली चूक काढतो. या वेळी तो असा काही उसळला की औषधाचा असर उतरण्याआधीच मी रडकुंडीला आले.

माझ्या थेरपिस्टना याचं फारसं नवल वाटलं नाही. त्या आयएफएस, म्हणजे इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, नावाच्या थेरपीच्या पद्धतीने काम करतात. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कौटुंबिक थेरपिस्टने ती 1980च्या दशकात बांधली. खाण्याच्या विकारांच्या रुग्णांबरोबर काम करताना 'माझ्यातला एक भाग असं म्हणतो, दुसरा तसं' हे त्यांच्या कानावर सतत पडत होतं, आणि त्यांनी ते शब्दशः खरं मानलं. या हिशेबात मनात बरीच मंडळी राहतात. काही मॅनेजर, जे दुखणं वर येऊच नये म्हणून आधीपासून बंदोबस्त करतात. काही अग्निशामक, जे ते वर आलंच तर काहीही करून विझवतात. माझा अग्निशामक रात्री दोनपर्यंत फोनवर बोट फिरवत बसतो. आणि या सगळ्यांनी मिळून ज्यांना कोंडून ठेवलेलं असतं ती हद्दपार, बहुधा लहान मुलं. यातलं कुणीच वाईट नाही, असं ही पद्धत मानते. तपासनिसाच्या बाबतीत हे पचायला मला जड गेलं, अजूनही जातं.

थेरपिस्टचं म्हणणं साधं होतं. केटामाइनने पहारेकरी गुंगतात, पण नोकरी सोडत नाहीत. त्यांना न विचारता आत गेलं की शुद्धीवर आल्यावर ते दुप्पट पहारा लावतात. मग डॉक्टर आणि त्या एकमेकांशी बोलल्या आणि पुढचा डोस मुद्दाम लांबवला.

त्या मधल्या काळात आम्ही फक्त तपासनिसाशी बोललो. डोळे मिटायचे, तो शरीरात कुठे जाणवतो ते बघायचं. माझ्याकडे तो जबड्यात असतो. मग त्या विचारायच्या, 'त्याच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' मी म्हणायचे, 'चीड येते.' 'मग ही चीड करणारा वेगळा भाग आहे. त्याला जरा बाजूला बसायला सांगता येईल?' कितीतरी वेळा हेच. एकदा चीड खरंच बाजूला सरकली आणि मला त्याच्याबद्दल नुसतंच कुतूहल वाटलं, तेव्हा मी त्याला विचारलं, 'तू थांबलास तर काय होईल अशी भीती वाटते तुला?' उत्तर ताबडतोब आलं: 'आवाज होईल.'

मला काहीच कळलं नाही. त्यांनीही अर्थ लावला नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. फक्त त्याच्या अटी विचारल्या आणि एका कागदावर लिहून घेतल्या. डोस वाढवायचा नाही. थेरपिस्टने पूर्ण वेळ खोलीत थांबायचं. हात धरायचा झाला तर फक्त उजवा, तोही आधी विचारून. आणि 'मी बघत राहणार, मला बाहेर काढायचं नाही.' खाली मी सही केली. जरा हास्यास्पद वाटलं, पण केली.

बाकीची तयारी नेहमीचीच. बीपी, हृदय आणि लघवीच्या तक्रारींची चौकशी, कुटुंबात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) होता का, व्यसनाचा इतिहास. केटामाइनची चटक लागू शकते आणि वारेमाप वापराने मूत्राशय खराब होतं, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. माझ्या चालू गोळ्या बंद केल्या नाहीत. पोट रिकामं ठेवायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, न्यायला माणूस हवा.

आणि मग काय दिसलं? डोळ्यांवर पट्टी होती. दर काही मिनिटांनी दंडावरचा बीपीचा पट्टा आवळायचा आणि सैल व्हायचा. मी छताला चिकटल्यासारखी तरंगत होते, शब्द जुळत नव्हते, पण पट्टा आवळला की तपासनीस म्हणायचा, 'आहे मी.' आणि मला बरं वाटायचं! हा माणूस जवळ असल्याचा दिलासा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटला. त्याच्या मागे, बऱ्याच अंतरावर, हातात चपला घेऊन अनवाणी चालणारी सातआठ वर्षांची मुलगी होती. आत कुणीतरी आजारी झोपलं होतं. तिला आवाज करायचा नव्हता.

बाबांचं दुखणं लांबलं होतं, हे खरं. चपला हातात घेऊन मी चालायचे का, हे मला ठाऊक नाही. दादाला विचारलं, त्यालाही आठवत नाही. औषधाखाली दिसलेलं सगळं जसंच्या तसं घडलेलं असतं असं मानू नका, हे थेरपिस्टनी मला आधीच बजावलं होतं, आणि या उपचारांत शिरणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी ते बजावायला हवं. त्या अवस्थेत माणूस सुचवलेलं चटकन उचलतो.

त्या दिवशी मी मुलीशी बोललेसुद्धा नाही. आयएफएसमध्ये अशा मुलाचं ओझं अग्नीला, पाण्याला, वाऱ्याला देऊन टाकायचा एक टप्पा असतो. मला वाटलं होतं तो औषधात आपोआप पार पडेल. तसं काही झालं नाही. तो पुढे कितीतरी दिवसांनी, पूर्ण शुद्धीत, एका साध्या सेशनमध्ये झाला. त्या मुलीने चपला खाली टाकल्या. दणकन. तपासनीस दचकला, मी हसले आणि मग बराच वेळ रडले.

एमडीएमएच्या चाचण्यांत काम केलेले मायकेल मिथोफर हे मनोविकारतज्ज्ञही आयएफएस शिकलेले आहेत, तेव्हा ही जोडी काही माझ्या थेरपिस्टच्या डोक्यातून निघालेली नाही. पण अशी औषधं आणि आयएफएस यांच्या एकत्र वापराचा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही, आणि याने हमखास बरं होतं असं सांगणाऱ्यापासून मी तरी चार हात लांब राहीन.

गोळ्या चालू आहेत. मेल अजून दोनदा वाचते, पूर्वी पाचदा वाचायचे. फोन रात्री अजून हातात असतो, अग्निशामकाशी आमची बोलणी नुकती सुरू झाली आहेत. पुढच्या डोसचं ठरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात नैराश्याच्या चाचणीतला स्कोअर बघून ठरवू, थेरपिस्ट म्हणतात घाई नाही, आणि तपासनिसाला अटींच्या कागदात एक कलम वाढवून हवंय. ते काय, हे अजून त्याने सांगितलेलं नाही.